श्रेय आमचे, दोष आभाळाचा

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतो. गेल्या नाताळात त्याने घरी पाठविलेल्या पत्रात एक नवलाची गोष्ट लिहिली होती. तिकडच्या डोंगरउतारांवर हिवाळ्यात जागोजागी लहान भट्ट्या पेटवितात, त्यांचा धूर ढगांत शिरतो आणि मग नेहमीपेक्षा अधिक हिम पडते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या आजोबांनी ते पत्र रविवारच्या मिस्सानंतर आम्हांला वाचावयास दिले आणि विचारले, “फादर, धूर करून बर्फ पाडता येत असेल, तर आपण जूनमध्ये पावसासाठी मिस्सा कशाला ठेवतो?”

त्या वेळी आम्ही हसून काहीतरी उत्तर दिले. आजोबांचे समाधान झाले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. प्रश्न वरवर साधा असला तरी त्याच्या पोटात दुसरे प्रश्न दडलेले आहेत. ढग कोणाचा? माणसाने त्यात हात घालावा काय? आणि घातलाच, तर पुढे जे घडेल त्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची?

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. ढगातील पाणी शून्य अंशाखाली गेले की लगेच गोठते, असा आपला समज असतो. तसे होत नाही. ढगातील सूक्ष्म जलकण उणे दहा, उणे पंधरा अंशांतही द्रवरूपच राहू शकतात. गोठण्यासाठी त्यांना एखादा धुळीचा वा तत्सम पदार्थाचा कण आधार म्हणून लागतो. तो मिळाला की त्यावर बर्फाचा स्फटिक तयार होतो, भोवतालच्या जलकणांतील बाष्प ओढून घेत वाढतो आणि जड झाला की हिम होऊन खाली येतो. आधार मिळालाच नाही, तर तो ढग डोंगर ओलांडून तसाच निघून जातो.

१९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर नावाचे संशोधक एका शीतपेटीत स्वतःच्या उच्छ्वासाचा ढग करून पाहत होते. पेटी पुरेशी थंड राहीना, म्हणून त्यांनी तीत शुष्क बर्फाचा, म्हणजे गोठविलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा टाकला. क्षणार्धात पेटीभर लक्षावधी हिमकण चमकू लागले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला त्यांनी विमानातून मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेलॉक पर्वताजवळच्या एका ढगात सुमारे तीन किलो शुष्क बर्फ टाकला. ढगाखालून हिमाच्या रेघा लोंबू लागल्या, मात्र जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच हवेत विरून गेल्या. त्याच महिन्यात त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांना आढळले की सिल्व्हर आयोडाइड या संयुगाच्या स्फटिकांची घडण बर्फाच्या स्फटिकासारखी असल्याने जलकण त्यावर फसतात आणि गोठतात. पत्रातील भट्ट्यांत आजही हेच संयुग जाळले जाते. डोंगरावर चढणारा वारा तो धूर ढगापर्यंत नेतो. काही ठिकाणी हेच काम विमानातून करतात.

यातून हिम खरोखर किती वाढते? येथे सावधपणे बोलावयास हवे. वायोमिंग राज्यात २००५ ते २०१४ या काळात दोन पर्वतरांगांवर मोठा प्रयोग झाला. ढग सर्वस्वी अनुकूल असतील तेव्हा पाच ते पंधरा टक्के वाढ होत असावी, असा अंदाज त्यातून निघाला; पण अनुकूल ढग थोडे, आणि प्रयोगाची मुख्य सांख्यिकी कसोटी निर्णायक ठरली नाही. पुढे जानेवारी २०१७ मध्ये आयडाहोच्या डोंगरांवर शास्त्रज्ञांना रडारच्या पडद्यावर विलक्षण दृश्य दिसले. विमान ज्या नागमोडी रेषेत फिरले होते, त्याच नागमोडी रेषेत ढगातून हिम पडत होते. निसर्ग अशा रेषा काढीत नाही. त्या महिन्यातील एका प्रसंगी वीस मिनिटांच्या पेरणीतून सुमारे १ लाख २० हजार घनमीटर पाणी हिमरूपाने उतरले, असे त्यांनी मोजले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर दहा हजार लिटरचे बारा हजार टँकर. तेव्हा ही भोंदूगिरी नव्हे. पण चमत्कारही नव्हे. जो ढग आधीच आला आहे त्याच्याकडून थोडे अधिक मागून घेता येते. कोरड्या आभाळातून ढग निर्माण करता येत नाही.

आता पहिला आक्षेप. मेघ आणि हिम ही परमेश्वराची भांडारे. त्यांना माणसाने हात लावणे हा उद्धटपणा नव्हे काय? ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर ईयोबाला हिमाच्या भांडारांविषयी विचारतो, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु तेथे माणसाच्या अज्ञानाची आणि लहानपणाची त्याला जाणीव करून दिली आहे. शिकण्यास मनाई केलेली नाही. आपण विहीर खणतो, बांध घालतो, आजाऱ्याला औषध देतो. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी की परमेश्वर आपल्या निर्मितीलाही कारण होण्याचा मान देतो, आणि हे त्याच्या असमर्थतेमुळे नव्हे, तर त्याच्या चांगुलपणामुळे. शेतकरी बी पेरतो म्हणून पीक परमेश्वराचे राहत नाही असे आपण म्हणत नाही. मग ढगात कण पेरल्याने हिम त्याचे राहत नाही असे का म्हणावे? या आक्षेपापाशी आम्ही अधिक थांबत नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. एकाच्या डोंगरावर अधिक हिम पडले, तर दुसऱ्याच्या डोंगरावर कमी पडले काय? १९४९-५० मध्ये न्यूयॉर्क शहराची धरणे आटू लागली, तेव्हा शहराने कॅट्सकिल डोंगरांवर ढग पेरण्याचे ठरविले. त्या डोंगरांत विश्रामगृह चालविणाऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. पावसाने आमचे पाहुणे येणार नाहीत, ही त्यांची तक्रार. ढगांवर वा त्यांतील आर्द्रतेवर तुमची मालकी नाही, आणि लक्षावधी नागरिकांच्या तहानेपुढे तुमची संभाव्य हानी गौण आहे, असे सांगून न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. १९५८ मध्ये टेक्सास राज्यात नेमके उलटे झाले. गारपीट टाळण्यासाठी ढग पेरले जात असता पशुपालकांनी आमचा पाऊस हिरावला जातो अशी फिर्याद केली, आणि आपल्या जमिनीवर निसर्ग जो पाऊस देईल त्यावर जमीनमालकाचा हक्क आहे, असे न्यायालयाने मान्य केले. १९७७ च्या दुष्काळात वॉशिंग्टन राज्याने ढग पेरावयास घेताच शेजारच्या आयडाहोने त्याच्यावर ढगचोरीचा आरोप केला. २०१८ मध्ये तर इराणच्या एका सेनाधिकाऱ्याने इस्राएल आमचे ढग आणि हिम चोरतो असे जाहीरपणे सांगितले. ढग वा हिम चोरणे कोणत्याही देशाला शक्य नाही, असे त्यांच्याच देशाच्या हवामान खात्याच्या प्रमुखांना सांगावे लागले.

शास्त्रज्ञ म्हणतात की डोंगरावरून वाहणाऱ्या बाष्पाचा अल्प अंशच पेरणीने खाली येतो; त्यामुळे पलीकडचा प्रदेश कोरडा पडेल ही भीती अवास्तव आहे. ते खरे असेल. तरीही शेजाऱ्याच्या मनातील संशय हीसुद्धा एक वस्तुस्थितीच आहे. उत्पत्तीच्या ग्रंथात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. त्याच्या माणसांनी विहीर खणली, गरारच्या गुराख्यांनी पाणी आमचे म्हणून भांडण काढले. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा झाला. तिसरी खणली तेव्हा कोणी भांडावयास आले नाही. त्या तिसऱ्या विहिरीला इसहाकाने ऐसपैस जागा अशा अर्थाचे नाव दिले. पाणी मिळाले म्हणून नव्हे, तर तंट्याविना मिळाले म्हणून. शेजाऱ्याच्या मनाला न विचारता मिळविलेले पाणी पहिल्या दोन विहिरींसारखेच असते.

पण आमच्या मते खरा नैतिक पेच मालकीचा नाहीच. तो हिशेबाचा आहे.

या विद्येच्या जन्मापासून तिची खातेवही दुहेरी आहे. २० डिसेंबर १९४६ रोजी शेफर यांनी पुन्हा ढग पेरले, आणि त्यानंतर त्या भागात जोरदार हिमवर्षाव झाला. हा आपल्या प्रयोगाचाच परिणाम असावा असे वाटून संशोधकांना हर्ष झाला; कंपनीच्या वकिलांना मात्र नुकसानभरपाईच्या दाव्यांची धास्ती बसली, आणि लवकरच पुढील उड्डाणे सरकारी यंत्रणेकडे सोपविण्यात आली. पुढेही असेच चालले. पैसे देणाऱ्यापुढे सांगावयाचे की आमच्या पेरणीने हिम वाढते. न्यायालयात सांगावयाचे की पेरणीने काही घडले हे कोणी सिद्ध करू शकत नाही. दोन्ही विधाने एकेकटी खरी असू शकतात. एकाच तोंडून, सोयीप्रमाणे, आली की त्यांचे असत्य होते.

दोन प्रसंग आठवतात. १९५५ साली नाताळच्या पूर्वरात्री कॅलिफोर्नियात फेदर नदीचा बांध फुटला आणि यूबा सिटी या गावात तीसहून अधिक माणसे दगावली. त्या नदीच्या वरच्या खोऱ्यात एक वीज कंपनी ढग पेरीत असे. दावे झाले, निकाल १९६४ मध्ये लागला, आणि पेरणीमुळे पूर आला हे न्यायालयाने मान्य केले नाही. ९ जून १९७२ रोजी दक्षिण डाकोटातील रॅपिड सिटीत आलेल्या पुराने २३८ जणांचा बळी घेतला. त्याच दिवशी जवळच्या ढगांत शास्त्रज्ञांनी मीठ पेरण्याचा प्रयोग केला होता. तो पूर त्या प्रयोगाने आला नाही, असाच तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे, आणि तो न मानण्यास आमच्याजवळ कारण नाही. तरी त्या दिवशी, तसे आभाळ डोक्यावर असताना, विमान उडवावे काय, हा प्रश्न निष्कर्षाने संपत नाही.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्राच्या तासाला एक जुने उदाहरण शिकवीत. शिकाऱ्याला झुडपात हालचाल दिसते. आत हरीण आहे की माणूस, हे त्याला ठाऊक नाही. त्याने बाण सोडला आणि आत हरीणच निघाले, तरी तो निर्दोष ठरत नाही. कारण माणूस असू शकेल हे जाणून त्याने बाण सोडला होता. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा संशयाचा फायदा स्वतःला घ्यावयाचा नसतो, झुडपातल्याला द्यावयाचा असतो.

म्हणून या विद्येला आम्ही पाप म्हणत नाही. तिला काही अटी असाव्यात इतकेच म्हणतो, आणि संतोषाची गोष्ट अशी की त्यांतील काही अटी तिकडे पाळल्या जातात. कोलोरॅडोच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवाना आणि जाहीर सुनावणी झाल्यावाचून ढग पेरता येत नाहीत. पश्चिमेकडील अनेक राज्यांत डोंगरावर ठरावीक मर्यादेबाहेर हिम साचले, हिमकडे कोसळण्याचे वा पुराचे भय निर्माण झाले, की भट्ट्या विझविण्याचा नियम आहे. पेरणे कोणालाही जमते. कोठे थांबावे हे आधी लिहून ठेवणे, ही सद्वर्तनाची खूण. याच्या उलट टोक म्हणजे व्हिएतनामचे युद्ध. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सैन्याने शत्रूच्या वाटा चिखलात बुडाव्यात म्हणून गुप्तपणे पावसाळी ढग पेरले. ते उघडकीस आल्यावर जग हादरले, आणि हवामानाचा शस्त्र म्हणून वापर न करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला; तो १९७८ मध्ये अमलात आला. येथे लपवाछपवी हेच पापाचे पहिले लक्षण होते.

न्यायाची दुसरी बाजूही आहे. जुलै २०२५ मध्ये टेक्सासमध्ये ग्वादलुपे नदीला भीषण पूर आला. त्याच्या दोन दिवस आधी एका कंपनीने राज्याच्या दुसऱ्या भागात ढग पेरले होते. एवढ्यावरून तिनेच पूर आणला असा गलका उठला. इतका प्रचंड पाऊस अशा पेरणीने पडणे शक्य नाही, असे हवामानतज्ज्ञांनी सांगितले, तरी तो थांबेना. पुराव्यावाचून जबाबदारी झटकणे हा जसा अन्याय, तसाच पुराव्यावाचून आरोप लादणे हाही. शोकाच्या घटकेलाही आठवी आज्ञा लागू असते.

आणखी एक मोह सांगितला पाहिजे. कोलोरॅडो नदीवर सुमारे चार कोटी लोकांचे जीवन अवलंबून आहे, आणि ती मुख्यतः डोंगरावरील हिमाने भरते. १९२२ च्या करारात राज्यांनी वाटून घेतलेले पाणी नदीत प्रत्यक्ष असलेल्या पाण्याहून अधिक होते. जुलै २०२२ मध्ये तिच्यावरील लेक मीड जलाशय भरल्यापासूनच्या नीचांकावर गेला. अशा वेळी दूरची शहरे वरच्या डोंगरांवरील पेरणीस पैसा देतात. त्यात गैर काही नाही. परंतु आभाळाकडून पाच टक्के अधिक मागणे सोपे आणि आपल्या वाट्यातले पाच टक्के सोडणे अवघड, म्हणूनच जर आपण आभाळाकडे वळत असू, तर त्या भट्टीच्या धुरात आपला हावरेपणाही मिसळलेला असतो.

आपण तरी वेगळे कोठे आहोत? आपल्याकडील पावसाळी ढग वेगळ्या जातीचे, म्हणून येथे बहुधा मीठ पेरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ पासून बारामती परिसरात असे प्रयोग केले. २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरकडे केले. ज्या जिल्ह्यावर विमाने ढग शोधीत फिरली, त्याच जिल्ह्यात उसाचे मळे पसरलेले आहेत, हे सर्वांना दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये मराठवाड्यात पाऊस पाडण्यासाठी विमाने उडत होती, आणि त्याच महिन्यात कोल्हापूर-सांगली महापुरात बुडाली होती. आमच्या मिस्साग्रंथात पावसासाठी एक प्रार्थना आहे आणि उघडिपीसाठी दुसरी. त्या महिन्यात एकाच राज्यात दोन्हींची गरज होती.

येथवर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आता आमचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या आवारात आम्ही कूपनलिका खणविली. पाणी लागले. आम्ही आशीर्वादाचा विधी केला, लोकांनी टाळ्या वाजविल्या, आणि ही परमेश्वराची कृपा आहे असे आम्ही प्रवचनात सांगितले. पुढच्या उन्हाळ्यात कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याची विहीर आटली. तो आमच्याकडे आला, दारात उभा राहूनच म्हणाला, “फादर, तुमच्या बोअरने माझे पाणी ओढले.” आम्ही त्याला बसविले, चहा दिला आणि समजावून सांगितले की जमिनीखालचे कोणाला दिसते? यंदा पाऊसच कमी झाला, सगळीकडच्या विहिरी आटल्या. हे खोटे नव्हते. त्याला काही सिद्ध करता आले नसते. तो चहा संपवून गेला. त्या वर्षी त्याने बैलजोडी विकली.

कोलोरॅडोच्या पत्राने ही गोष्ट आम्हांला आठवली. पाणी लागले ते कृपेने, त्याचे पाणी गेले ते अवर्षणाने. आमच्या खातेवहीत जमेच्या बाजूला परमेश्वर होता, खर्चाच्या बाजूला आभाळ. मध्ये आम्ही कोठेच नव्हतो. झुडपात माणूस असू शकेल हे ठाऊक असूनही आम्ही खणण्यापूर्वी त्याला एका शब्दाने विचारले नव्हते.

या उन्हाळ्यात आम्ही त्याच्या घरी गेलो. पाणी आमच्यामुळेच गेले असे आम्ही म्हणालो नाही, कारण ते आम्हांला आजही ठाऊक नाही. असे असू शकेल, आणि हे त्याच दिवशी मान्य करावयास हवे होते, एवढे म्हणालो. आता आवारातील नळाची एक जोडणी कुंपणापलीकडे गेली आहे. बैलजोडी काही परत आली नाही.

आजोबांना आम्ही उत्तर देणे लागत होतो, ते असे दिले. पावसासाठीची मिस्सा ही आभाळ हलविण्याची भट्टी नव्हे. भट्टीने काम केले की नाही हे मोजता येते, मोजावेही. प्रार्थनेत आपण मागतो आणि त्याच वेळी, मिळालेले सगळे आपलेच नाही, हे कबूल करतो. भट्टी पेटविणाऱ्यालाही ही कबुली देता आली, तर त्याच्या धुराला आमचा आक्षेप नाही. आणि मिस्सा करणाऱ्याला ती देता आली नाही, तर त्याच्या धूपाचाही केवळ धूरच होतो.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तर फादर, यंदा मिस्साला त्या शेजाऱ्यालाही बोलवा. पाऊस काय, त्याच्याही रानात पडायचाच आहे.”